पाकळ्या पडणारं पान

चार वाजता दीप्ती कॉलेजात परतली, तेव्हा लॅबमध्ये अर्ज भरायला आलेली तानी एकटी बसली होती. मांडीवर दाखल्यांची पिशवी. समोरच्या कॉम्प्युटरवर कॉलेजची वेबसाइट उघडलेली आणि अख्खं पान पांढरंफटक. ना कॉलेजचं नाव, ना अर्जाचं बटण.

तलासरीच्या त्या नर्सिंग कॉलेजचे अर्ज आज पाचला बंद होणार होते. यंदापासून कागदी अर्ज घ्यायचाच नाही, असं संस्थेने ठरवलेलं. आणि ज्या दिवशी वेबसाइट सांभाळायची, नेमकं त्याच दिवशी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दीप्तीला संस्थाध्यक्षांच्या वाढदिवसाच्या हॉलवर फुगे बांधायला पिटाळलं होतं!

"कधीपासून असं आहे?"

"सकाळी नऊला आले तवापासून. आमच्या गंजाडच्या बाकीच्या पोरी एकच्या जीपने गावी गेल्या. मॅडम, पुढच्या वर्षी माझं वय निघून जातंय."

दीप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात तास! या सात तासांत तिला कोणी एक फोन करू नये?

"नेटच रद्दी आहे इथलं," प्राचार्य दशरथ सर दारातूनच म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. दुसऱ्या साइट धडाधड उघडत होत्या, आणि ही मात्र मोबाइलवरही कोरीच. म्हणजे दुखणं साइटच्या पोटातच होतं.

"ललित, कालपासून साइटला काय हात लावलास?"

"काहीच नाही, आईशपथ," सरांच्या मागे उभा असलेला क्लार्क म्हणाला.

माणूस शपथा घेतो, सर्व्हर मुकाट्याने तारीख लिहून ठेवतो. लॉगिनचं पानही कोरं येत होतं, म्हणून दीप्ती थेट सर्व्हरवरच्या फायलींत शिरली. काल संध्याकाळचं एक नवं फोल्डर तिथे ऐटीत बसलेलं. अध्यक्षसाहेबांच्या फोटोवर गुलाबाच्या पाकळ्या पडाव्यात म्हणून ललितने कुठलंसं फुकटचं प्लगिन, म्हणजे साइटला वरून जोडायचा तुकडा, आणून चिकटवलं होतं. आधीच जुनी साइट, ती कसली पेलते! तिने मान टाकली.

दीप्तीने फोल्डरचं नाव बदललं, म्हणजे साइटला ते सापडूच नये. पान पुन्हा उघडलं. कॉलेजचं नाव आलं, अर्जाचं बटण आलं. तानी खुर्चीतून अर्धी उठली.

"आणि पाकळ्या?" सरांनी विचारलं.

"त्या लावल्या की पान पुन्हा कोरं."

"सहाला साहेब मोठ्या पडद्यावर बघणार आहेत. आधी पाकळ्यांचं काय ते बघा. अर्ज काय, पुढच्या वर्षी भरतील."

तानीच्या समोर म्हणाला हा माणूस! जरा चाचरलासुद्धा नाही. दीप्तीने तानीची खुर्ची जवळ ओढली आणि दाखले एकेक करून स्वतः चढवले. चार बत्तीसला अर्ज गेला. शेवटच्या दिवसाचा तो पहिलाच अर्ज होता.

मग तिने सर्व्हरची नोंद पाहिली. सकाळपासून अर्जाचं पान त्रेसष्ट मोबाइलवरून उघडलं होतं. त्रेसष्टही वेळा कोरं. तिने लगेच शेवटच्या तारखेत एक दिवस वाढवला आणि वर ठळक लिहिलं: आज साइट आमच्या चुकीने बंद होती. अर्ज उद्या पाचपर्यंत घेऊ. खाली स्वतःचा नंबर टाकला.

"कोणाला विचारून?" सर ओरडले. "एकीचा भरला ना? मग? मॅडम, उद्या यायची गरज नाही तुम्हाला!"

तानी कोपऱ्यात गावच्या पोरीला फोनवर ओरडून सांगत होती, "भिकी, तुळशीला बी सांग! उद्या पहिल्या जीपने या. हो, घेतायत!"

"उद्या मी साडेसातलाच येणार, सर," दीप्ती म्हणाली. "आता हॉलवर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."