हिरव्या शाईचे मार्क

"सर, मॉकचे मार्क तुम्ही मुद्दाम कापता का?"

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. पैज माझ्या बाकावरच्या ब्रोनाची होती: विचारलंस तर आठवडाभर चिकन रोल माझ्याकडून. पण खरं सांगते, रोल नसता तरी मी विचारलंच असतं. गेल्या वर्षीपर्यंत मी बाथरूमला जायचंसुद्धा कुजबुजून विचारायचे. आता नाही!

संशयाला कारण होतं. आमच्या मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, पेपर बाहेर तपासायला जातात आणि लाल पेनाने तपासून येतात. माझ्या पेपरवर मात्र लालशेजारी हिरवी शाई होती. लाल बेरीज त्रेचाळीस टक्के, म्हणजे ऑनर्स गणितात, वरच्या पातळीच्या पेपरात, पास. हिरवी छत्तीस, म्हणजे धडधडीत नापास. ब्रोनाला चौऱ्याऐंशी, आणि तिच्या पेपरवर हिरवा ठिपकासुद्धा नाही. मग आम्ही सगळ्यांचे पेपर मागून बघितले. हिरवं फक्त काठावरच्यांना! आणि मॉकनंतर घाबरून साध्या गणितात जातात तेही काठावरचेच. जूनच्या खऱ्या परीक्षेच्या ऑगस्टमधल्या निकालात मग ऑनर्सला कुणीच नापास नाही, मुख्याध्यापिका गावच्या पेपरात फोटो द्यायला मोकळ्या.

हेनेगन सरांनी मार्कर खाली ठेवला. "हिरवं पेन माझंच आहे, मुरेन."

मागून कुणीतरी "मेलो" म्हणालं.

"बाहेरचा तपासनीस फार दयाळू होता. खऱ्या परीक्षेचे पेपर मी तपासलेत, तिथे एवढे मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये रडण्यापेक्षा आत्ता घाबरलेलं बरं."

"मग ब्रोनाला का नाही घाबरवलंत?"

"तिला काय फरक पडतो?"

"म्हणजे जिला फरक पडतो तिचेच कापायचे?"

सरांनी मार्कर परत उचलला. मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत पेपर घेऊन ये."

मी गेले. ब्रोना साक्षीदार म्हणून दारात, तोंडात माझाच रोल. सरांनी एकेक काट दाखवली. दोन ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं, ते मी मुकाट्याने मान्य केलं. मग मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे?"

"तूच खोडलंयस."

"पण दुसरं काही लिहिलं नव्हतं. अशा वेळी खऱ्या परीक्षेत खोडलेलंही तपासतात, तुम्हीच सांगितलंत."

सरांनी ते वाचलं. परत वाचलं. हिरवं पेन चाललं आणि छत्तीसचे एकोणचाळीस झाले. पासला एक कमी!

"सर, कापायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या घरी मुख्याध्यापिकांच्या ऑफिसातून फोन गेला असेल," एवढंच ते म्हणाले. हे उत्तर होतं का? मला तरी ते उत्तरच वाटलं.

घरी मॅमी बटाटे कुस्करत होती, डॅडी गाईंचं दूध काढून नुकतेच आत आले होते.

"शाळेतून फोन होता गं," मॅमी म्हणाली. "तुमच्या मुख्याध्यापिका बाई किती गोड बोलत होत्या. म्हणाल्या, साधं गणित घेऊ दे, पोरीला उगाच ताण नको."

"गोड बोलणारच."

"अगं, पण नापास झालीस तर?" डॅडी म्हणाले. "गॉलवे विद्यापीठातलं इंजिनीअरिंग गेलं की."

"आणि साधं घेतलं तर आजच गेलं, डॅडी. त्यांना ऑनर्सच लागतं."

मी ताट पुढे ओढलं.

"जूनमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये ऑनर्सचा गुलाबी पेपर आणि साध्याचा निळा, दोन्ही ठेवलेले असतात. मी गुलाबीच उचलणार. उद्यापासून सुट्टीत हेनेगन सरांकडे बसणार, हिरवं पेन घेऊनच या म्हणून सांगितलंय त्यांना. आणि मॅमी, त्या गोड बाईंचा परत फोन आला तर मला दे."