चार पायांची ऊब

मित्रांनो, आल्या आल्या तुम्ही न्हाणीघराच्या दारामागच्या खुंट्यांवर आपापले टॉवेल अडकवलेत. त्यातला डावीकडचा टॉवेल जरा बाजूला सारा. विटकरी रंगाची, मानेपाशी भेगाळलेली, उलटी लटकलेली एक पिशवी दिसेल. ती मी. गरम पाणी भरून अंग शेकायची रबरी पिशवी. तुमच्यातल्या धाकट्याने मघाशी मला फुगा समजून दाबलं, त्याचा मला राग नाही. हल्ली मला कुणी हात लावतं हेच पुष्कळ झालं. तुम्ही हिवाळ्याच्या सुट्टीत आईबाबांबरोबर या लॉजवर आला आहात. मीही अशीच सुट्टीला म्हणून इथे आले होते.

माझा जन्म एका कारखान्यात, तापलेल्या साच्यात झाला. तिथे एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येक पिशवीत हवा भरायच्या, तिला पाण्याच्या टाकीत दाबून धरायच्या आणि बुडबुडा येतो का ते बघायच्या. माझ्यातून एकही बुडबुडा आला नाही. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. त्या थापेचा मला पुढे बरीच वर्षं गर्व होता. खोक्यात माझ्याबरोबर एक कागदही होता. पाणी उकळतं नको, पिशवी काठोकाठ भरू नये, बूच लावण्याआधी आतली हवा काढावी, काम झाल्यावर पिशवी उलटी टांगून सुकवावी. माझं मागणं एवढंच होतं.

मला विकत घेतलं ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने, आपल्या बायकोसाठी. ती शाळेचे गणवेश शिवायची. शाळा उघडायच्या आधीचे चार महिने ती उभ्या उभ्या कापड बेतायची आणि तिच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. त्यालाही उसंत नसायची. कुठे लिफ्ट अडकली की याला फोन, आणि हातातला घास ताटात टाकून हा निघाला. माणूस मनाने चांगला, पण अतिशय भिडस्त. 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कामावरचे सोबती त्याला होयबा म्हणायचे आणि तो त्यावरही मान डोलवून हसायचा. मीही त्याला होयबाच म्हणणार. तिला मात्र मालकीण म्हणते, कारण मी तिची होते.

वर्षाच्या शेवटी कचेऱ्या बंद असायच्या आणि गणवेशांचं कामही नसायचं. तेव्हा दोघांना मिळून आठ दिवस मोकळे सापडायचे. लग्नानंतर लगेच त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाच दिवस त्याच्या आईवडिलांकडे, सगळ्या गोतावळ्यात. आणि तीन दिवस फक्त दोघांचे, इथे, या तळ्याकाठच्या लॉजवर.

ते तीन दिवस म्हणजे मालकिणीचा जीव की प्राण. वर्षभरात नवऱ्याशी बोलायचं जे जे राहून जाई, ते ती मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकेका शब्दात टिपून ठेवायची. घरी बोलायला बसावं तर मध्येच फोन वाजायचा, म्हणून ही युक्ती. पहिल्या हिवाळ्यात त्या पानावर अकरा शब्द होते. सगळ्यात वर होतं 'दुकान'. दुसऱ्यांसाठी शिवणं पुरे, कोपऱ्यावरचा रिकामा गाळा घेऊन आपणच काहीतरी सुरू करू, असं तिच्या मनात होतं.

त्या पहिल्या हिवाळ्याची आठवण मी अजून जपून ठेवली आहे. निघण्यापूर्वी तिने उरलेल्या निळ्या चौकटीच्या कापडातून माझ्यासाठी अंगरखा शिवला, दोन बटणांचा. इथे पोचल्यावर तिने माझा कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग होयबाने माझी मान धरली आणि तिने किटलीतून पाणी ओतलं. मित्रांनो, मला भरणं हे खरं तर दोघांचं काम आहे. एकट्याने भरायला गेलं की मान लवंडते आणि पाणी हातावर येतं. मग तिने मला टेबलाच्या कडेवर आडवं करून हळूच दाबलं, पाणी तोंडाशी आलं तसं बूच फिरवलं आणि मला पांघरुणात सरकवलं.

दुपारचीच वेळ होती, पण बाहेर धुकं इतकं की तळं दिसेना. दोघं पांघरुणात पाय घालून बसली होती. माझ्यावर चार पाय होते. गरम जागेसाठी त्यांची ढकलाढकली चालली होती आणि मी मध्ये चेंगरत होते. आयुष्यात इतकं छान चेंगरणं मला पुन्हा मिळालं नाही. होयबा तिला एका लिफ्टची गोष्ट सांगत होता. एकमेकांशी अबोला धरलेले दोन कारकून दोन तास आत अडकले होते, आणि बाहेर आले तेव्हाही एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आपण दोघं अडकलो तर?"

"तर मी ती दुरुस्तच करणार नाही," तो म्हणाला.

त्या तीन दिवसांत वहीतले दहा शब्द खोडले गेले. 'दुकान' राहिलं, कारण ते मोठं होतं. पुढच्या वर्षी त्यावर नीट बोलू, असं होयबा म्हणाला.

दुसऱ्या हिवाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले. सुनेने आपणहून मला त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलं. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. त्यांच्याशी भांडता आलं असतं, मागून नावं ठेवता आली असती. पण निघायच्या दिवशी त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, एवढ्यात निघालात? आणि होयबा हातातली बॅग खाली ठेवायचा. तिनाचे दोन दिवस झाले. तिसऱ्या हिवाळ्यात दोनाचा एक झाला. चौथ्या हिवाळ्यात होयबाच्या वहिनीच्या मुलांना ताप आला, आणि तळं राहिलंच. मालकिणीने मापांची वही उघडली, शब्दांची उजळणी केली आणि वही मिटली.

त्या वर्षी परतताना सासूबाई म्हणाल्या, ही पिशवी राहू दे इथे, तुम्हाला काय, दुसरी मिळेल. होयबा म्हणाला, राहू दे की. मालकीण तेव्हा बाहेर बूट घालत होती.

मग मी एक वर्ष त्या घरात काढलं. माझा कागद तिथे कुणी वाचलेला नव्हता. चुलीवरून उतरवलेलं उकळतं पाणी माझ्या तोंडात काठोकाठ ओतायचे, हवा कोण काढतो? काम झालं की पाण्यासकट पलंगाखाली. माझी मान कडक होत गेली. कुणी मुद्दाम छळलं असं मी म्हणणार नाही. सगळे माझ्यावर खूश होते. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, किती गुणाची पिशवी आहे बघा, एवढी वापरतो पण कुरकुर नाही. असलं कौतुक ऐकलं की आता माझ्या अंगावर काटा येतो.

पाचव्या हिवाळ्यात जे झालं ते फक्त होयबाच करू जाणे. जेवताना त्याने तळ्याचं वर्णन सुरू केलं. त्याला ती जागा खरंच आवडायची, म्हणून तो रंगात येऊन सांगत होता. धुकं कसं असतं, खिडकीतून काय दिसतं, पांघरुणं किती जाड. ऐकता ऐकता वहिनीची मुलं उड्या मारायला लागली. सासूबाई म्हणाल्या, जन्मात तळं म्हणून पाहिलं नाही मी. आणि होयबाने ताटावरून मान वर करून आनंदाने सांगितलं, "मग चला की सगळेच."

मालकीण वाढत होती. तिच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला.

मोठी गाडी ठरवून नऊ माणसं इथे आली. दोन खोल्या घेतल्या, एक बायकांची आणि एक पुरुषांची. ही बायकांची. याच पलंगावर मालकीण सासूबाई आणि पुतणीच्या मध्ये निजली आणि मी सासूबाईंच्या गुडघ्यांवर. भिंतीपलीकडून होयबाचं हसणं ऐकू येत होतं. तीन दिवस तो खुशीत होता. येताजाता सांगत होता, सगळे एकत्र, काय मजा येतेय. बायकोला आपण केवढी मोठी भेट दिली, असंच त्याला वाटत होतं, आणि ते नाटक नव्हतं.

निघायच्या सकाळी व्हरांड्यात दोघं क्षणभर एकटी सापडली. ती मला सुकवायला बाहेर घेऊन आली होती, म्हणून मी ऐकलं. ती म्हणाली, "तुम्ही मला एकदा विचारलं असतंत."

होयबाला खरोखरच कळलं नाही. "अगं, तुला काय विचारायचं? तू काय परकी आहेस?"

ती माझं पाणी झटकत राहिली, एक थेंबही उरला नव्हता तरी.

या खेपेला तिने मला आपल्याबरोबर परत नेलं. घरी गेल्यावर तिने त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही, कारण मी कपाटात होते. पण काहीतरी त्याच्या मनाला लागलं असावं. सहाव्या हिवाळ्यात होयबाने आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही दोघंच जाणार. सासूबाईंनी तोंड फिरवलं, वहिनीने मुलांना आत नेलं. त्याने बॅग उचलली आणि मागे न बघता तो गाडीत बसला. मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. मला वाटलं, आता पुन्हा चार पाय.

याच खोलीत आलो. दुपार होती, धुकंही होतं. आल्याबरोबर होयबाने घरी फोन लावला. आई जेवली का, रागावली आहे का, गुडघे कसे आहेत. बोलता बोलता तो खिडकीपाशी गेला आणि बोलतच राहिला. मालकीण मला घेऊन न्हाणीघरात आली. तिने मला बेसिनमध्ये उभं केलं, एका हाताने मान धरली आणि दुसऱ्या हाताने किटली उचलली. माझी मान आता वाकत नव्हती. मी लवंडले आणि पाणी तिच्या मनगटावर गेलं. तिने हाक मारली नाही. हात नळाखाली धरला, मग मला अर्धंच भरलं, बूच लावलं आणि पांघरुणात ठेवलं.

दोघं पलंगावर बसली, ती एका कडेला, तो दुसऱ्या कडेला. मी मध्ये. मी वाट बघत होते. एक पाय आला असता तरी चाललं असतं. पण त्याचे पाय त्याच्या बाजूला दुमडलेले आणि तिचे तिच्या बाजूला. मला त्या लिफ्टमधल्या दोन कारकुनांची आठवण झाली. फरक इतकाच की इथे कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याला तिच्या बॅगेतून डोकावणारी वही दिसली. त्याने विचारलं, "काय आहे त्यात?"

तिने वहीकडे पाहिलं. शेवटचं पान भरून गेलं होतं, त्याच्या मागचंही. कोपऱ्यावरच्या गाळ्यात वर्षभरापूर्वीच दुसऱ्या कुणीतरी दुकान थाटलं होतं. ती म्हणाली, "जुनी मापं आहेत."

तो बरं म्हणाला. मी गार होत गेले. मधल्या मध्ये, कुणाच्या कामी न येता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तिच्या मनगटावरचा लाल डाग दिसला. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तिने काही नाही म्हणून सांगितलं. मग तो खिडकीबाहेर बघत चाचरत म्हणाला, "अजून दोन दिवस आहेत. पण आजच निघायचं का?"

"निघू या," ती म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की दोघांनाही हायसं वाटलं. त्या खोलीत मी पाहिलेलं सगळ्यात वाईट काही असेल, तर ते हे हायसं वाटणं.

तिने माझं पाणी ओतलं. अंगरख्याची दोन बटणं काढली, अंगरखा घडी करून आपल्या बॅगेत ठेवला आणि मला या खुंटीवर उलटं टांगलं, कागदात सांगितलं होतं तसं. बाहेरून होयबाने विचारलं, "सगळं घेतलंस ना?"

ती माझ्यासमोर उभी होती. माझ्याकडे बघत होती. "घेतलं," ती म्हणाली आणि तिने दिवा मालवला.

त्याला पुष्कळ हिवाळे झाले. लॉजवाल्या मावशींनी काही वर्षं मला पाहुण्यांना वापरायला दिलं. आता माझं रबर चिरलं आहे, मी कुणालाच ऊब देऊ शकत नाही. तेव्हा मला भरून बघायचा हट्ट धरू नका, मित्रांनो, कुणाचा तरी हात भाजेल. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिचा कागद वाचा. ती कुरकुर करत नाही म्हणून तिच्यात उकळतं ओतू नका. आणि एक विनंती. आज दुपारी तुम्ही थोडा वेळ तळ्यावर खेळायला जा. आईबाबांना इथे बसू दे. त्यांनी 'पुढच्या वर्षी बसू' म्हटलं, तर ऐकू नका.

संध्याकाळी मावशी चहा घेऊन येतील. माझ्याकडे बोट दाखवून त्या तुम्हाला सांगतील, कुणीतरी पाहुणे ही पिशवी इथे विसरून गेले. त्या सगळ्यांना तसंच सांगतात. त्यांना उलट बोलू नका, म्हातारं माणूस आहे. पण तुम्ही लक्षात ठेवा, मला कुणी विसरलं नव्हतं.