पोटाकडचा तुकडा

सगळे दात काढल्यापासून सासरे घरच्यांसमोर जेवत नव्हते.

त्यांचं आयुष्य संगमरवराच्या फरश्या घासण्यात गेलं होतं. त्यांनी घासलेल्या फरशीत बघून माणसाने भांग पाडावा, म्हणून धंद्यात सगळे त्यांना आरसा मिस्त्री म्हणायचे. पण हिरड्यांनी दगा दिला. कवळी बसवायची तर आधी जखमा भरून यायला हव्या होत्या. तोवर सासूबाई सगळं मिक्सरमधून काढून द्यायच्या. मिस्त्री वाटी घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. वाटी कधी रिकामी बाहेर यायची, कधी होती तशीच.

"चव लागत नाही का, बाबा?" सुनेने एकदा दाराबाहेरून विचारलं.

"चवीचं काय घेऊन बसलीस? हे जेवण आहे का? भिंतीला गिलावा करतात, तसं आतून लिंपून घ्यायचं."

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. शेजारी एक जपानी हॉटेल होतं. तिथला आचारी चष्म्याची दांडी सैल झाली की तिच्याकडे यायचा. एकदा दांडी आवळता आवळता तिने सासऱ्यांची गोष्ट काढली. आचारी म्हणाला, "घेऊन या त्यांना. माझ्याकडे एक मासा आहे, त्याला दात लागत नाहीत."

नुसतं हॉटेल म्हटलं असतं तर मिस्त्री घरातून हलले नसते. म्हणून तिने त्यांना डोळ्यांचा नंबर तपासायला म्हणून आणलं, नंबर खरंच तपासला आणि मग शेजारच्या दारातून आत नेलं. जेवणाची वेळ टळून गेली होती. आत कोणी नव्हतं. दोघं आचाऱ्यासमोरच्या लाकडी फळीशी बसली.

काय खायचंय ते कळल्यावर मिस्त्री उठायलाच लागले. "कच्चा मासा? दात गेले म्हणून अक्कल नाही गेली माझी!"

"अक्कलदाढही काढलीच आहे की तुमची, बाबा."

मिस्त्रींना हसू फुटलं. तोंडावर हात धरून हसले आणि परत बसले.

आचाऱ्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेला माशाचा तुकडा काढला. फडकं बाजूला झालं आणि मिस्त्री पुढे वाकले. फिकट गुलाबी मांस, आणि त्यात पांढऱ्या चरबीच्या बारीक शिरा, जवळजवळ, एकीतून दुसरी फुटलेली.

"हा तर दगड आहे," ते पुटपुटले. "गुलाबी संगमरवर. असा माल अख्ख्या आयुष्यात एकदाच हाताखाली आला होता."

लांब सुरी तुकड्यातून एकाच ओढीत खाली आली. आचारी ती मागेपुढे करत नव्हता, दाबत नव्हता. काप कौलांसारखे एकावर एक चढवून त्याने गरम भात झाकून टाकला आणि दोघांपुढे एकेक काळी वाटी सरकवली. सोबत सोया सॉसची बशी. मिस्त्रींना चमचा दिला.

मिस्त्रींनी एक काप उचलला, सॉसला लावला, डावा हात तोंडाशी आडवा धरला आणि काप आत ठेवला.

मग ते हललेच नाहीत.

"बाबा? लागलं का कुठे?"

"गेला," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"मासा. जिभेवर ठेवला होता. जीभ टाळूला लावली... आणि गेला कुठे?"

त्यांनी दुसरा काप भातासकट घेतला. वर गार, खाली कोमट. चरबी सुटून भाताच्या दाण्यादाण्यात उतरली. त्यांनी डोळे मिटले. डावा हात केव्हाच फळीवर येऊन पडला होता. एक कुटुंब आत येऊन समोरच्या टेबलावर बसलं. तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. उघड्या हिरड्यांनी ते सावकाश जेवत होते. सून बघतच राहिली. या माणसाचा चेहरा असा मऊ झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

"खा ना गं, गार होईल."

"तो गारच असतो, बाबा."

"मग गरम होईल! खा."

तिने खाल्लं, आणि तिचंही बोलणं थांबलं. दात असूनही ते वापरायची वेळच आली नाही.

"कुठला भाग हा?" मिस्त्रींनी आचाऱ्याला विचारलं.

"पोटाकडचा. ट्यूना म्हणतात याला. माणसापेक्षाही मोठा वाढतो. आणि जन्मभर पोहत असतो. थांबला तर श्वास कोंडतो त्याचा."

"झोपेत?"

"झोपेतही थांबत नाही."

मिस्त्रींनी चमचा खाली ठेवला. वाटीत उरलेल्या दोन कापांकडे ते कितीतरी वेळ बघत होते. "एवढी ताकद अंगात," ते हळूच म्हणाले, "आणि आतून हे असं लोणी." मग आचाऱ्याला म्हणाले, "लोक म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आम्हाला काय ठाऊक, असलेही चणे असतात म्हणून!"

संध्याकाळी ते सगळ्यांबरोबर टेबलावर बसले. समोर मिक्सरमधली वाटी होती, पण तिला हात न लावता ते माशाचंच सांगत होते. सुरी कशी चालली, शिरा कशा होत्या, गरम भातावर तो कसा पाझरला. मुलगा घास हातात धरून ऐकत होता.

"अहो, पण लागतो कशासारखा?" सासूबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी सांगायला तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं आणि सगळे वाट बघत राहिले.

"नाही सांगता येत," ते शेवटी म्हणाले. "तुला तिथेच नेतो."

"कधी?" सासूबाई म्हणाल्या.