नानांचा उतार आणि माझा बुडबुडा

मी एक जुनी पाणसळ आहे, दोन फूट लांब, अंगाने ॲल्युमिनियमची. माझ्या पोटातल्या काचेच्या नळीत हवेचा एक बुडबुडा आहे. तो मधोमध थांबला की काम सपाट, सरकला की तिरपे. मित्रांनो, या बुडबुड्याच्या जोरावर मी शेंद्र्यातली कितीतरी घरे सरळ उभी केली आहेत. माझे मालक गयासभाई, प्लंबर.

गावातल्याच नानासाहेबांच्या, म्हणजे नानांच्या, पत्नीचे, सरूबाईंचे, गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. अंगणापलीकडच्या संडासापर्यंत त्यांना चालवेना, म्हणून खोलीलगत नवा कमोड बसवायचा होता. नानांचे एकच पालुपद, "उतार लई द्या. पाणी कसं पळालं पाहिजे!" गयासभाईंनी मान डोलावली. मला पाइपावर ठेवताच माझा बुडबुडा वरच्या टोकाला जाऊन चिकटला. पण मला विचारतो कोण?

थोड्याच दिवसांत पाइप तुंबला. बादल्या ओतून, बांबू घालून घर हैराण झाले. सरूबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. जायलाच लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणे कमी केले. ते पाहून माझा जीव तुटला.

नाना म्हणाले, "उतार अजून वाढवा."

तेव्हा सरूबाई कडाडल्या, "जल्मभर शेतात पाण्याची दारं धरली म्या. पाट लई उताराचा केला की पाणी निघून जातं अन् खडे तिथंच बसत्यात. व्हय का नाय?"

गयासभाई म्हणाले, "मावशी, बात बरोबर है. पाणी पुढं पळालं, मैला मागंच राहिला."

पाइप उकरला. उतार चार फुटांना एक इंच ठरला. त्याहून फार कमी दिला तर पाणीच रेंगाळते. मी दोन फुटांची, म्हणून गयासभाईंनी माझ्या उताराकडच्या टोकाखाली अर्धा इंच जाडीची पट्टी बांधली. बुडबुडा मधोमध आला, तसा पाइप पक्का केला. मी ताठ मानेने पाहत होते.

पहिल्या दिवशी सगळे घर दाराबाहेर कान देऊन उभे. आतून सरूबाईंचा आवाज आला, "बारशाला जमलात व्हय? जा की आपापल्या कामाला!" त्यानंतर पाइप तुंबला नाही आणि सरूबाई पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागल्या.

मित्रांनो, मला सिमेंटात माखून कोपऱ्यात फेकू नका. आणि जमिनीखाली जाणारा पाइप बुजवण्याआधी माझा बुडबुडा जरूर बघा. मातीखालची चूक कुणाला दिसत नाही, पण तिच्यापायी घरातले एखादे माणूस तहान मारत बसते.