छत्तिसावा फोटो

मित्रांनो, मला उचलण्याआधी हात दाखवा बघू. चिवडा खाऊन आलेली बोटं मी लगेच ओळखतो. मी ॲन आर्बरमधल्या एका घराच्या कपाटात राहणारा जुना कॅमेरा आहे आणि माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही. जो माणूस एक डोळा मिटून माझ्यातून बघतो, त्याच्यावर तरी कसा बसावा?

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यातला. तिथे मला बारा जणांनी तपासलं आणि तेराव्याने पुन्हा तपासलं. संशयाची सवय मला तिथेच लागली. मग बोटीने मी डर्बनला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या समुद्रकाठच्या शहरात पोचलो. तिथे मला लोगन नायडूने घेतलं. त्याचे पणजोबा मद्रासकडून उसाच्या मळ्यात राबायला तिकडे गेले होते. लोगन पुढे शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला आला आणि त्याच्या गळ्यात लटकून मीही आलो.

१९८५ च्या जुलैमध्ये सुट्टीत आम्ही डर्बनला गेलो. लोगनने एक आख्खा रोल संपवला. फोटो अगदी रोजचेच होते. डोक्यावर शिंगांचा टोप घातलेले रिक्षावाले, मसाल्याचा बाजार, बसची रांग. ‘हा किनारा फक्त गोऱ्यांसाठी’ अशी वाळूतली पाटी. छत्तिसावा, म्हणजे शेवटचा फोटो त्याच्या आईचा. रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून ती उभी होती. मागे जो समुद्र दिसत होता, त्यात पाय भिजवायची तिला परवानगी नव्हती.

त्याच आठवड्यात पोलीस घरी येऊन, लोगन कशाचे फोटो काढत फिरतो, याची चौकशी करून गेले. आई म्हणाली, “आता जा, आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस.” किती वर्षं, ते तिलाही माहीत नव्हतं. तिचा तेवढा एकच फोटो लोगनबरोबर निघाला.

विमानतळावर सामान उघडतील याची लोगनला खात्री होती. म्हणून रोल गुंडाळताना त्याने फिल्मचं टोक मुद्दाम बाहेर ठेवलं. कोऱ्या रोलचं टोक तसंच बाहेर असतं. अधिकाऱ्याने रोल बघितला, कोरा समजून परत ठेवला. काय डोकं चालवलं पठ्ठ्याने, असं मला वाटलं. माझ्याच तालमीत तयार झालेला ना!

इथे आल्यावरही त्याने रोल दुकानात दिला नाही. दुकानातले लोक फोटो बघतात, कोणाला दाखवतील सांगता येत नाही. विद्यापीठाच्या डार्करूममध्ये तो स्वतःच धुणार होता. तिथे त्याचा नंबर लागायचा होता. तोवर रोल माझ्या पिशवीत राहिला, तसाच टोक बाहेर काढून.

लोगन ज्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, ते घर नरेंद्र आणि मृणालिनीचं. नरेंद्र नागपूरचा इंजिनिअर, मृणालिनी पुण्याची आणि मुलगी सीमा नऊ वर्षांची. मृणालिनीला लोगनचा पहिल्यापासून संशय.

“इंडियन म्हणवतो आणि हिंदीचा एक शब्द येत नाही,” ती नरेंद्रला म्हणायची. “आपल्या पासपोर्टवर त्या देशात जायला मनाई लिहिलेली आहे. आणि हा मेलबॉक्सचे आणि बसस्टॉपचे फोटो काढत फिरतो. कोणी नॉर्मल माणूस काढतो का?”

“अगं, हॉबी असेल.”

“तुला सगळ्यांचीच हॉबी वाटते.”

खरं सांगतो, मला तिचं पटायचं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती आला आणि नेमका नरेंद्रचा कॅमेरा बिघडला. लोगनने मला पिशवीसकट वापरायला दिलं. रोलचं मात्र बोलला नाही. बोललो तर शंभर प्रश्न येतील असं त्याला वाटलं. नरेंद्र स्वतःचा रोल घरीच विसरला. हॉलवर पोचल्यावर त्याने पिशवी चाचपली. “अरे वा, एक कोरा रोल आहे. हा वापरू, लोगनला दुसरा आणून देऊ.”

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. एकदा फोटो काढलेल्या फिल्मवर पुन्हा काढले, की नवे जुन्यांवरच उमटतात. फिल्म माझ्यात बसली आणि डर्बनच्या रिक्षावाल्यांवर आरती सुरू झाली. मसाल्याच्या बाजारावर मोदकांची ताटं आली. गणपतीत चोवीस फोटो झाले. तेवढ्यावर थांबले असते तरी आई वाचली असती. पण यांच्या घरचा नियम असा, की रोल पुरा संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. मग नागपूरला पाठवायला नवीन गाडीसमोर सगळे उभे राहिले. सीमा सायकलवर, मृणालिनी फ्रीजपाशी. पस्तीस झाले. एक उरला. राहू दे रे तो एक, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

तेवढ्यात लोगन किराण्याची पिशवी घेऊन येताना मृणालिनीला खिडकीतून दिसला. तिने मला उचललं. “याचा एक फोटो आपल्याकडे असू दे. उद्या काही झालं, तर पोलिसांना द्यायला होईल.” मी अडकायचा खूप प्रयत्न केला. पण बारा जणांनी तपासलेला मी, खटकन वाजलोच.

मी परत गेलो तेव्हा लोगनने पिशवी उलटीपालटी केली. आत दुकानातून आणलेला नवा रोल होता, त्याचा नव्हता. यांनीच तो काढून कोणाला तरी दिला, असं त्याने ठरवलं. त्याने विचारलं नाही, फक्त खोलीला कुलूप लावायला लागला. मृणालिनी म्हणाली, “बघ, आता कुलूपसुद्धा!” आठवडाभर दोन्ही मजले एकमेकांवर कान ठेवून होते.

फोटो आले ते सीमाने उघडले. “मॉम, गणपती बाप्पा बीचवर आहे. अँड देअर्स अ साइन.” तिने पाटी मोठ्याने वाचली. नरेंद्रचा चेहरा उतरला. त्याने जिन्यातून हाक मारून लोगनला खाली बोलावलं आणि सगळं जसं झालं तसं सांगितलं.

लोगन एकेक फोटो बघून खाली ठेवत गेला. पस्तीस वाया गेले होते. त्यांत डर्बन कळत नव्हतं, की गणपतीही धड दिसत नव्हता. शेवटच्या फोटोवर तो थांबला. आई जराशी धुरकट, पण दिसत होती. आणि तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, किराण्याची पिशवी घेतलेला लोगन.

“हा कोणी काढला?” त्याने इंग्रजीत विचारलं.

मृणालिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, “मी. तुझा संशय आला म्हणून, चोरून. चुकले मी.”

“आंटी, कॅमेरा नेहमी माझ्याच हातात असतो,” लोगन म्हणाला. “आईबरोबर माझा एकही फोटो नव्हता.”

मृणालिनीने खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि विचारलं, “आईचं नाव काय?” इतक्या महिन्यांत तिने त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दोन वर्षांनी लोगन दुसऱ्या गावी नोकरीला गेला तेव्हा मला सीमाला देऊन गेला. तो फोटो मात्र त्याने नेला. मी अजून संशयीच आहे, स्वभाव काही जात नाही. पण त्या पस्तीस फोटोंची आठवण आली की वाटतं, कोणीतरी एकाने वेळेवर एक प्रश्न विचारला असता तर? म्हणून तुम्हाला सांगतो. मला धुळीपासून जपा, भरलेल्या रोलवर नाव लिहा. चला, आता हात पुसून या. आणि पिशवीतला रोल घालण्याआधी विचारा, तो कोणाचा आहे.