बद्द वाजणारी हिरवी बांगडी

मित्रांनो, मी जेडची, म्हणजे हिरव्या मौल्यवान दगडाची, एक जुनी बांगडी आहे. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या बाजारात माझ्यासारख्या ढिगाने मिळतील, पण माझ्याइतकी धास्तावलेली एखादीच.

डोंगरातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर तपकिरी डाग होते. मला गोल कापून कित्येक आठवडे तेजाबात बुडवले. डाग गेले, पण माझे अंगही आतून पोखरले गेले. त्या भेगांत राळ भरली, वरून चकाकी दिली. मी पोपटी दिसू लागले आणि दुकानदाराने मला ‘अगदी नैसर्गिक’ म्हणून विकले.

मला घेतले ते दॉ तिन न्वे यांनी; ‘दॉ’ म्हणजे आमच्याकडे ‘बाई’. अमरापुऱ्यात त्या रेशमी लुंग्या विणत. विणताना मी मागाच्या लाकडावर आपटे आणि दचके. कुणी ऐकले तर? खरी बांगडी किणकिणते, माझा आवाज बद्द. त्या मात्र शेजारणींना कौतुकाने सांगत, “ही माझ्या लेकीला, एइंद्राला, लग्नात देणार!” ते ऐकून मी कासावीस होई. वर्षे गेली, मी पिवळट पडू लागले.

एइंद्राचे लग्न ठरले. तिची होणारी सासू दॉ ओन जी, जेडची नावाजलेली पारखी. खायच्या मुरवलेल्या चहाच्या पानांचे तबक मध्ये ठेवून दोघी विहिणी बसल्या. साबण लावून मला मनगटातून काढले. दॉ ओन जींनी मला आणि स्वतःच्या बांगडीला दोऱ्याला टांगून हलकेच टिचकी मारली. त्यांची बांगडी घुमली. मी नुसतेच टक् केले.

“तडा गेला असेल,” दॉ तिन न्वे घाईने म्हणाल्या.

“असेलही. तडा गेला तर खरीसुद्धा अशीच वाजते.” दॉ ओन जींनी भिंग लावले. “पण हे जाळं बघा, कोळ्याने विणल्यासारखं. तेजाबाने झालंय. दगड खरा आहे विहीणबाई, पण आत राळ भरलीय.”

“म्हणजे मी लेकीला खोटं द्यायला निघाले होते?”

“तुम्हाला काय ठाऊक! ज्याला ठाऊक होतं, तो गप्प बसला.”

एइंद्राने हात पुढे केला. “आई, घाल मला. सासूबाईंसमोरच घाल, म्हणजे पुढे टोमणे नकोत!”

सगळ्या हसल्या, पण दॉ तिन न्वे यांनी मला मुठीत घट्ट धरले. दुसऱ्या दिवशी दोघी विहिणी त्याच दुकानापुढे उभ्या राहिल्या.

“इतक्या वर्षांपूर्वीचं कोण धरून बसतं, मावशी?” दुकानदार म्हणाला.

दॉ तिन न्वे भांडल्या नाहीत. त्यांनी मला दॉ ओन जींच्या खऱ्या बांगडीशेजारी टांगले आणि वाजवत राहिल्या. “ऐका गं पोरींनो, दोन्ही ऐका!” बाया जमू लागल्या. घ्यायला काढलेल्या बांगड्या परत तबकात जाऊ लागल्या. दुपारपर्यंत दुकानदाराने एका तबकावर चिठ्ठी लावली: ‘राळ भरलेल्या’.

आता मी दॉ ओन जींच्या टेबलाशी टांगलेली असते, येणाऱ्यांना आवाजातला फरक ऐकवायला. अजूनही टिचकी बसली की जीव वरखाली होतो.

मित्रांनो, आम्हाला उन्हापासून, साबणापासून जपा. हौसेने जरूर घाला. फक्त कुणाला देताना आमचे नाव खरे सांगा.