गाड्याचं चाक

पटकीची साथ आली की आमच्या गावात एक रीत होती. मरीआईला गाड्यात बसवायचं, पुढ्यात दहीभात ठेवायचा, वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन उतरवायचं आणि रिकामा गाडा घेऊन मागं न बघता परत यायचं. म्हणजे आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात. वर याला देवीचं काम म्हणायचं.

मी सूर्यभान सुतार. निजाम जायच्या आदल्या साली गाड्याचं चाक मोडलं, तेव्हा बाभळीचं नवं चाक मीच केलं. त्या चाकावर देवी निघाली ती धुरपदाच्या गावाला. धुरपदा माझी धाकटी बहीण. शिवेवरचा दहीभात तिच्या दोन्ही लेकरांनी खाल्ला. तीन दिवसांत दोन्ही गेली. मी मातीला गेलो तर तिनं एवढंच विचारलं, "दादा, चाक तूच केलं व्हतं ना?" त्यानंतर तिनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही.

पाच वर्षांनी साथ पुन्हा आली. गावात चार माणसं आडवी झाली, त्यात माझी बायको झुंबर. माणिकराव पाटलांचा निरोप आला, चाक ढिलं झालंय, उन्हं कलायच्या आत ठोकून दे. मी हत्यारं घेऊन देवळापुढं गेलो आणि सगळ्या गावादेखत चाकच काढून घेतलं.

पाटील तापले. सुगीला बलुतं मिळणार नाही म्हणाले. झुंबर गेली तर ते पाप तुझ्याच डोक्यावर, हेही ऐकवलं. भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण डोकंही तेवढंच फिरलं होतं.

"पाटील, मरायचं तर आमी हितं मरू," मी म्हणालो. "माझ्या चाकावरून आता कुणाच्या दारात मरण जाणार न्हाई."

परभणीहून सुया टोचायला आलेला माणूस पाणी उकळून प्या म्हणून घसा कोरडा करून गेला होता. एवढं सरपण कुठून आणायचं म्हणून गावानं ते कानाआड केलं होतं. मी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, उतरवली, आरे फोडले आणि चावडीपुढं पाण्याची मोठी काहील चढवून तिच्याखाली घातले. बाभळीचं लाकूड छान पेटलं. पहिला तांब्या झुंबरला नेला. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग पाटलांची सून कमलबाई पदराआड कळशी घेऊन आली, आणि तिच्या मागं बाकीच्या.

झुंबर वाचली. आडव्या झालेल्या चौघांतली पार्वतीबाई गेली, आणि गाव ते आजही माझ्याच माथी मारतं. मारू दे. पुढच्या गावात त्या साली एकही माती झाली नाही.

पंचमीला धुरपदा आली. उंबऱ्यातच थांबली, दाराशी टेकवलेल्या लोखंडी धावेकडं बराच वेळ बघत राहिली. मग आत येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, पाणी दे."